केंटकीचं घड्याळ आणि एप्समची उतरण

एका फर्लांगाला १२ सेकंद. अमेरिकेतल्या रेसकोर्सवर पहाटेच्या गॅलपचा सगळा हिशेब या मापाने चालतो. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग, साधारण २०० मीटर. ट्रेनर पोराला घोड्यावर चढवतो आणि सांगतो, पहिले तीन फर्लांग १३-१३ ने ने, शेवटचा १२ ने आण. पोराच्या मनगटावर घड्याळ नसतं. असलं तरी ताशी ६० किलोमीटरच्या वेगात त्याच्याकडे बघणार कोण? स्टॉपवॉच ट्रेनरच्या हातात असतं आणि एका सेकंदाचा फरक पडला तरी पोराला बोलणी खावी लागतात. अशी काही वर्षं गेली की घड्याळ अंगात मुरतं.

स्टीव्ह कॉथनच्या अंगात ते जितकं मुरलं होतं तितकं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. केंटकीतल्या एका नालबंदाचा हा मुलगा. अमेरिकन रेसिंगमधला सर्वांत मोठा मान त्याने १८व्या वर्षी मिळवला, १९ पूर्ण व्हायच्या आत इंग्लंड गाठलं आणि तिथे तीन वेळा चॅम्पियन जॉकी झाला. केंटकी डर्बी आणि एप्सम डर्बी, दोन्ही जिंकणारा तो एकमेव जॉकी. आपल्याकडे रेस म्हटलं की लोकांना आकडे आणि पैज एवढंच आठवतं, त्यामुळे घोड्यावर बसलेल्या माणसाची विद्या कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

मी पुण्याचा. कॅम्पातल्या रेसकोर्सवर, एम्प्रेस गार्डनच्या बाजूला, पहाटे घोडे पळवणारा राइडिंग बॉय म्हणून मी उमेदीची वर्षं काढली. वडील तिथेच नालबंद होते. जॉकी होण्याइतकं हलकं हाड माझं नव्हतं. पण वेग अंगाला कसा कळतो ते मला ठाऊक आहे. घोडा भरधाव सुटला की त्याचा श्वास पावलाला बांधला जातो, एका झेपेला एक श्वास. तो फुत्कार एका लयीत कानावर येत राहतो. लय जराशी घट्ट झाली, हातातला लगाम जड झाला, डोळ्यांतून पाणी जास्त यायला लागलं, की समजायचं घोडा ठरल्यापेक्षा पुढे चाललाय. आपल्याकडेही पहाटेच्या गॅलपच्या वेळा रेसच्या पुस्तकांत छापून येतात, आणि त्या वाचून लोक घोडा निवडतात. शर्यतीत मात्र सोळा घोडे भोवती असताना, माती तोंडावर उडत असताना, ही लय ऐकत राहणं फार थोड्यांना जमतं.

कॉथनचा जन्म १ मे १९६० चा, केंटकी राज्यातल्या कव्हिंग्टनचा. वाढला वॉल्टन नावाच्या छोट्या गावात. वडील रोनाल्ड, त्यांना सगळे टेक्स म्हणत, रेसकोर्सवर घोड्यांना नाल ठोकायचे. आई मायराही घोड्यांच्याच धंद्यातली. नालबंदाच्या पोराला घोड्याची भीती कधी वाटत नाही, कारण घोड्याचा पाय मांडीत धरून बसलेला बाप त्याने रांगायच्या वयापासून पाहिलेला असतो. टेक्सनी मुलाला आणखी एक गोष्ट दिली, शिकवण्याची शिस्त. गवताच्या भाऱ्यांवर बसून, लगामासारख्या दोऱ्या हातात घेऊन मुलगा तासन् तास कोठारात ‘शर्यत’ पळायचा. चाबूक उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून पुन्हा उजव्यात. तोल ढळता कामा नये, हाताची लय तुटता कामा नये. सोबतीला शर्यतींच्या फिल्म्स. रेसकोर्सवर पंचांसाठी घेतलेल्या या फिल्म्स बापलेक पुन्हा पुन्हा बघत. कोणता जॉकी कुठे थांबला, कुठे घाई केली, कुणाचा घोडा वळणावर बाहेर गेला, हे सगळं सोळाव्या वर्षाआधीच त्याला पाठ होतं.

जॉकीचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं. कॉथन सोळा वर्षांचा झाला आणि बाराव्या दिवशी, १२ मे १९७६ ला, चर्चिल डाउन्सवर पहिली शर्यत पळाला. घोड्याचं नाव किंग ऑफ स्वॉट. शेवटचा आला. पाच दिवसांनी रिव्हर डाउन्सवर रेड पाइप या घोड्यावर पहिला विजय मिळाला. पुढच्या वर्षी तो न्यू यॉर्कला आला आणि मग जे घडलं त्यावर आजही विश्वास बसत नाही. १९७७ या एका वर्षात ४८७ विजय. त्याच्या घोड्यांनी वर्षभरात ६० लाख डॉलरच्या वर बक्षिसं कमावली. तोवर कुठल्याच जॉकीने तो आकडा ओलांडला नव्हता. तेव्हा वय १७. वर्तमानपत्रं त्याला ‘द किड’ म्हणायला लागली. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या बेलमाँट रेसकोर्सवर तो वाईट पडला, हात मोडला, बरगड्या मोडल्या, डोक्याला मार बसला. महिनाभराने परत आला तो लिटल मिरॅकल नावाच्या घोड्यावर, आणि पहिलीच शर्यत जिंकला.

नंतर आला अफर्म्ड.

अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी तीन मोठ्या शर्यती असतात. केंटकी डर्बी सव्वा मैलाची, प्रीकनेस त्याहून थोडी आखूड, आणि बेलमाँट दीड मैलाची. पाच आठवड्यांत तिन्ही. एकाच घोड्याने तिन्ही जिंकल्या तर ट्रिपल क्राउन. १९७८ मध्ये अफर्म्डचा ट्रेनर होता क्यूबाहून आलेला लाझ बरेरा, आणि समोर उभा होता अॅलिडार. हे दोन घोडे दोन वर्षांचे असल्यापासून एकमेकांशी झुंजत होते. केंटकी डर्बीत अफर्म्ड दीड लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला, प्रीकनेसमध्ये मानेच्या अंतराने. १० जूनला बेलमाँट होती. अंतर जास्त, आणि अॅलिडार लांब पल्ल्याचा घोडा, त्यामुळे आता त्याची पाळी असं पुष्कळांना वाटत होतं.

या शर्यतीची फिल्म मी कितीदा पाहिली त्याचा हिशेब नाही. लोक शेवटचे दोन फर्लांग बघतात. मला पहिले चार बघायला आवडतात. फक्त पाच घोडे धावत होते. कॉथनने अफर्म्डला पुढे काढलं आणि पहिला अर्धा मैल ५० सेकंदांत नेला. म्हणजे फर्लांगाला साडेबारा. एवढ्या मोठ्या शर्यतीत ही चाल फार संथ. एवढ्या कमी खर्चात पुढे राहायला मिळालं, म्हणजे शेवटासाठी घोड्याच्या पोटात दम शिल्लक. अठरा वर्षांच्या मुलाने, साऱ्या देशाचे डोळे आपल्यावर असताना, हात शांत ठेवून ही चोरी केली. अॅलिडारवरचा होर्हे व्हेलास्केझ काही कच्चा नव्हता. त्याला डाव कळला आणि शेवटापासून तब्बल सात फर्लांगांवर त्याने अॅलिडारला बाजूला आणून भिडवलं. तिथून दोघे खांद्याला खांदा लावून. जवळपास मैलभर कुणी कुणाला सोडलं नाही.

सरळ भागात अॅलिडारने डोकं पुढे काढलं. अमेरिकेतले सगळे रेसकोर्स डावीकडे वळणारे, त्यामुळे बाहेरून येणारा घोडा उजव्या हाताला असतो. अॅलिडार इतका चिकटून होता की कॉथनला उजवा हात हलवायला जागाच उरली नाही. त्याने धावत्या घोड्यावर चाबूक डाव्या हातात घेतला आणि अफर्म्डला डावीकडून मारलं. त्या घोड्याला आजवर डाव्या बाजूने मार माहीत नव्हता. अफर्म्ड पुन्हा पुढे सरकला आणि डोक्याच्या अंतराने जिंकला. वेळ २ मिनिटं २६.८ सेकंद. कोठारातल्या गवताच्या भाऱ्यांवर हात बदलायची जी तालीम झाली होती, ती इथे कामाला आली. त्यानंतर पुढचा ट्रिपल क्राउन अमेरिकेला मिळाला २०१५ मध्ये, अमेरिकन फेरोहच्या रूपाने. मधे ३७ वर्षं गेली.

आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात सगळं फिसकटलं. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिटावर ओळीने ११० शर्यती तो हरला. अफर्म्डही हातातून गेला, त्यावर लाफिट पिंके बसू लागला. अंगाने वाढत होता, वजन चढत होतं. अशा वेळी इंग्लंडहून रॉबर्ट सँग्स्टरचा निरोप आला. सँग्स्टर म्हणजे फुटबॉल पूल्सच्या धंद्यातला धनाढ्य माणूस, घोड्यांचा मोठा मालक. त्याचे घोडे लँबोर्नला बॅरी हिल्स या ट्रेनरकडे तयार होत होते. अमेरिकेत हलक्या वजनाचे जॉकी लागतात. इंग्लंडमध्ये घोड्यांना जास्त वजन देतात, म्हणजे जॉकीला थोडं अंग असलं तरी चालतं. हा व्यवहाराचा भाग. पण आपल्या देशात ट्रिपल क्राउन जिंकलेल्या पोराने दुसऱ्या देशात जाऊन पुन्हा उमेदवारी करायची, याला छाती लागते.

फरक किती होता ते सांगितलं पाहिजे. अमेरिकन ट्रॅक बहुतेक मातीचा, सपाट, अंडाकृती. एक पाहिला की बाकीचे समजतात. इंग्लंडमध्ये तेव्हा सगळं गवत, आणि एक मैदान दुसऱ्यासारखं नाही. न्यूमार्केटच्या रोली माइलवर वळणच नाही, सरळ मैलभर पळायचं, आणि शेवटी एक खोलगट भाग आणि चढ. चेस्टर म्हणजे जेमतेम मैलाचा घेर, सतत वळण. अॅस्कट उजवीकडे वळतं. गुडवुड डोंगरावर. एप्समला आधी अर्ध्या मैलाहून जास्त चढ, मग डावीकडे वळत जाणारी तीव्र उतरण, तिचं नाव टॅटनम कॉर्नर, आणि खाली आल्यावर सरळ भाग तोही एका बाजूला कललेला. दमलेला घोडा तिथे आतल्या कठड्याकडे घसरत जातो. शर्यतीची चालही निराळी. अमेरिकेत गेट उघडल्यापासून पळापळ. इंग्लंडमध्ये आधी सगळे सांभाळून, एकमेकांच्या आडोशाने, आणि शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत झेप. तिथे पहाटेच्या गॅलपला स्टॉपवॉच लावायची पद्धतही नव्हती. ट्रेनर टेकडीवर उभा राहून घोडा कसा चालतोय ते नजरेने बघायचा.

७ एप्रिल १९७९ ला सॉल्सबरीच्या ओल्या, जड मैदानावर कॉथन इंग्लंडमधली पहिली शर्यत पळाला. मार्की युनिव्हर्सल नावाचा घोडा, आणि जिंकला. महिनाभरात टॅप ऑन वुडवर त्याने २००० गिनीज ही मोठी शर्यत घेतली, तीही क्रिससारख्या घोड्याला मागे टाकून. सुरुवात अशी झाली तरी खरं शिक्षण पुढची पाच वर्षं चाललं. तो मैदानं पायी चालून बघायचा, चढ कुठे सुरू होतो, कडेचं गवत कुठे टणक आहे. पाठ सपाट ठेवून मानेवर झुकायची अमेरिकन बैठक त्याने सोडली नाही, पण इंग्लिश जॉकींसारखं पायांनी घोडा पुढे रेटायलाही शिकला. आखूड रिकिबीची ही बैठक मुळात अमेरिकनांनीच इंग्लंडला नेलेली. १८९७ मध्ये टॉड स्लोन तिथे गेला तेव्हा इंग्लिश जॉकी लांब रिकिबीत ताठ बसत. स्लोनला बघून लोक हसले, काठीवरचं माकड म्हणाले, आणि तो जिंकायला लागल्यावर काही वर्षांत सगळेच तसे बसू लागले. डॅनी मार हा दुसरा अमेरिकन १९०८ आणि १९१३ मध्ये तिथला चॅम्पियन झाला. त्यानंतर थेट १९८४. त्या वर्षी १३० विजय मिळवून कॉथन चॅम्पियन जॉकी झाला.

१९८५ मध्ये न्यूमार्केटचा ट्रेनर हेन्री सेसिल याने त्याला आपल्याकडे घेतलं. आधी त्या जागेवर लेस्टर पिगटसारखा जॉकी होता, त्यावरून जबाबदारी किती मोठी ते कळावं. ते वर्ष म्हणजे कॉथनच्या इंग्लंडमधल्या कामाचा कळस. ओ सो शार्प या घोडीवर त्याने १००० गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकल्या. आणि जूनमध्ये स्लिप अँकरवर डर्बी.

एप्समला पुढे पळून डर्बी जिंकता येत नाही, अशी समजूत तिथे पक्की होती. चढावर पुढे राहिलास तर दम जातो, उतरणीवर पुढे असलास तर घोडा सुटतो आणि सरळ भागात मागचे गिळतात. १९७८ मध्ये याच सँग्स्टर-हिल्स जोडीने अमेरिकेचा नावाजलेला जॉकी बिल शूमेकर याला बोलावून हवाइयन साउंड पुढे पळवला होता, आणि शर्ली हाइट्सने त्याला अगदी शेवटी डोक्याच्या अंतराने गाठलं. स्लिप अँकर त्याच शर्ली हाइट्सचा मुलगा. कॉथनने त्याला सुरुवातीलाच पुढे घेतलं आणि आपल्या मनातल्या घड्याळावर चढ चढवला, घाई नाही, ढिलाई नाही. टॅटनम कॉर्नरला येईपर्यंत मागच्या घोड्यांची दमछाक झालेली होती, कारण ते त्याच्या चालीने पळत होते, आणि ती चाल त्यांना परवडणारी नव्हती. पुढचं अंतर वाढतच गेलं. स्लिप अँकर सात लेंग्थने जिंकला. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, रेफरन्स पॉइंटवर त्याने पुन्हा पुढे पळूनच डर्बी घेतली. बेलमाँटला ५० सेकंदांचा अर्धा मैल नेणारा मुलगा आणि एप्समला सर्वांच्या पुढून उतरण उतरणारा हा जॉकी, दोघांची विद्या एकच. मैदान बदललं, माती जाऊन गवत आलं, तरी फर्लांगाची लांबी तेवढीच होती.

आता वजनाबद्दल. त्या काळी डर्बीत घोड्याला ५७ किलो वजन असायचं, त्यात जॉकी, कपडे, खोगीर सगळं आलं. रोजच्या शर्यतींत त्याहून कमी. कॉथन साडेपाच फुटांचा, रुंद खांद्यांचा. असल्या अंगाचा माणूस नैसर्गिकपणे कितीला राहील? आमच्या पुण्याला मी भर दुपारी प्लास्टिकचा कोट आणि त्यावर स्वेटर चढवून पळणारे जॉकी पाहिले आहेत. स्टीमरूममधून बाहेर आल्यावर ते पाण्याचा घोट तोंडात घेऊन खुळखुळतात आणि थुंकून टाकतात. गिळला तर काट्यावर दिसतो. इंग्लंडमध्ये हंगाम मार्च ते नोव्हेंबर, उन्हाळ्यात दुपारी एका गावी शर्यती आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी, मधला प्रवास गाडीने किंवा छोट्या विमानाने. आठ-नऊ महिने शरीराला असं वाळवत राहायचं. कॉथनने या काळात दारूचा आधार घेतला, तो वाढत गेला, आणि १९८५ च्या हंगामानंतर त्याने त्यावर उपचार घेतले. हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं आहे. १९५ विजय आणि स्लिप अँकर, हे त्याच वर्षातलं. टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दोन गोष्टी एकत्रच लक्षात ठेवायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

१९८७ च्या चॅम्पियनशिपची चुरस तिथले लोक अजून काढतात. एका बाजूला पॅट एडरी, दुसऱ्या बाजूला कॉथन, आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी, डाँकास्टरला, निकाल लागला. कॉथन १९७, एडरी १९५. पुढच्या ऑगस्टमध्ये गुडवुडला तो पडला आणि मानेचा मणका मोडला. उरलेला हंगाम गेला. तरी १९८९ मध्ये ओल्ड व्हिकवर त्याने फ्रान्सची डर्बी आणि आयर्लंडची डर्बी जिंकली. केंटकी, एप्सम, शाँटिली आणि करा, चारही देशांच्या डर्बी एका माणसाच्या नावावर जमा झाल्या.

१९९२ च्या हंगामानंतर, ३२ व्या वर्षी, तो थांबला. तेव्हा तो ज्यांच्या घोड्यांवर बसायचा त्या शेख मोहम्मद यांच्याशी कराराचं पुढे जुळलं नाही आणि वजनाशी झगडायची ताकदही संपत आली होती. केंटकीला परत गेला. फ्लोरेन्स गावच्या टर्फवे पार्कमध्ये अधिकारी झाला. हा ट्रॅक पूर्वी लॅटोनिया म्हणून ओळखला जायचा. व्हेरोनाला जमीन घेऊन घोड्यांची पैदास सुरू केली. १९९४ मध्ये सॅराटोगाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

माझ्या मते पिगट त्याच्याहून थोर जॉकी होता, आणि शूमेकरने त्याच्याहून कितीतरी जास्त शर्यती जिंकल्या. पण दोन खंडांच्या दोन वेगळ्या विद्या एका अंगात घेऊन दोन्हीकडे पहिल्या रांगेत बसलेला जॉकी मला दुसरा दिसत नाही. आपल्या रेसिंगची घडण इंग्लंडच्या वळणावर झाली आहे; गिनीज, ओक्स, डर्बी, सेंट लेजर, नावंही तीच. महालक्ष्मीला फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची, एप्समच्याच मापाची. तुम्ही कधी तिथे गेलात तर शेवटच्या सरळ भागासाठी दुर्बीण राखून ठेवू नका. गेट उघडल्यावर पहिले १२०० मीटर बघा. पुढे असलेल्या जॉकीचे हात शांत आहेत का, घोडा लगाम ओढतोय की मान सैल सोडून पळतोय, मागचे कुणाच्या चालीने पळताहेत, एवढं बघा. आणि त्याआधी घरी १९७८ च्या बेलमाँटची फिल्म एकदा अवश्य पाहून घ्या. सहज सापडते, आणि अडीच मिनिटांहून मोठी नाही.